बाळंतिणीचं औषध

"तोंड इकडं कर बरं जरा," कौशामावशी म्हणाली.

मी केलं नाही. बाजेवर बसून भिंतीकडेच बघत राहिले. न्हाऊ घातलेलं बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळून ती माझ्या हातात द्यायला वाकली होती आणि अर्ध्यातच थांबली होती. खोलीत शेगडीतल्या ओव्याचा, बाळंतशेपांचा धूर कोंदला होता. खिडकीला गोधडी बांधलेली, माझ्या कानांवरून रुमाल आवळलेला. एवढ्या सगळ्या वासांत तिला तो एक वास नेमका कसा आला, हे आज सात वर्षांनंतरही मला सांगता येत नाही.

"काय घेतलंस?"

"काही नाही. औषध."

"कोणतं?"

मी कोनाड्यातल्या तपकिरी बाटलीकडे बोट दाखवलं. "दशमूलारिष्ट. बाळंतिणीचं. आई देते."

मावशीनं बाळ दिलं, पण हात लगेच काढून घेतले नाहीत. माझे हात बाळाच्या मानेखाली, पाठीखाली नीट आहेत का, हे चाचपून मगच तिनं आपले सोडवले. तेलाची वाटी उचलली, उंबऱ्यापाशी गेली आणि माझ्याकडे न बघताच बोलली,

"वास वळखते मी."

मी तेव्हा लातूरला माहेरी होते. बाळ अठ्ठावीस दिवसांचं होतं. सव्वा महिना झाला की बारसं करायचं, पुण्याहून माझा नवरा मन्मथ आणि सासरची माणसं येणार, मग मला घेऊन जाणार, असं ठरलेलं. तोवर ती खोली आणि मी. बाहेरचं वारं लागू नये म्हणून दार लोटलेलं. वारं न लागता माणूस किती दिवस जगू शकतं, याचा विचार करत मी पडून असायचे.

कौशामावशी रोज सकाळी आठला यायची. गल्लीतल्या निम्म्या लेकरांना तिनंच मांडीवर आडवं घालून न्हाऊ घातलेलं. मलासुद्धा. "हिला धरायला माझी एक मांडी पुरायची न्हाई," असं ती माझ्यादेखत बायकांना सांगायची आणि मी लहानपणी त्यावर हसायचे, कारण न हसून काय करणार?

तर मी जाड होते. नुसती जाड नव्हे. पंचविसाव्या वर्षी एकशे अठरा किलो. स्थळं यायची, मला बघायची, पोहे संपवायची आणि जायची. शेवटी पुण्याला नेऊन अण्णांनी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन करवून आणलं. पोटाचं लहानसं पाकीट करतात आणि ते आतड्याला पुढे जोडून टाकतात. मग माणसाला चार घासांच्या वर जात नाही. दीड वर्षात मी बासष्ट किलोंची झाले, लग्न झालं, आणि आईनं चौकातल्या महादेवाला अभिषेक केला.

सासरी हे फक्त मन्मथला ठाऊक होतं. "बाकी कुणाला कशाला सांगायचं?" असं आईचं मत. "चार टाके तर आहेत. अपेंडिक्सचे म्हण."

एक गोष्ट मात्र मी आईलासुद्धा सांगितली नव्हती. खाणं गेलं तेव्हा घरातून कुणीतरी कायमचं निघून गेल्यासारखं वाटलं होतं. लहानपणापासून कुणी काही बोललं, कुणी हसलं, की मी स्वयंपाकघरात जायचे, फडताळ उघडायचे आणि तिथं माझं माणूस असायचं. चिवडा, कडक बुंदीचे लाडू, रात्रीची गार भाकरी, काहीही. आता फडताळ होतं. त्यातलं माझं कुणी नव्हतं. सगळे म्हणायचे, काय सुंदर दिसायलीस! मी हसायचे. हसायची सवय होतीच.

ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातून एक कप दिला होता. इवलासा, प्लास्टिकचा, तीस मिलीचा, कडेला रेघा. पहिले काही आठवडे पाणी, वरणाचं निवळ, ताक, सगळं त्याच कपानं, घोट घोट, थांबत थांबत. आईनं तो कप देवाच्या भांड्यांसारखा जपला. बाळंतपणाला मी आले तेव्हा तिनं तो फडक्यातून काढला. "बघ, ठेवलाय. याच मापानं औषध घेऊ. दोन कप औषध, दोन कप पाणी."

जेवणानंतर तिनं पहिल्यांदा ते दिलं तेव्हा मला दरदरून घाम आला. छाती धडधडली. आईला इंग्रजीतले जे चार-दोन शब्द यायचे त्यांतला एक दवाखान्यातून आला होता, ऑपरेशननंतर गोड खाल्लं की घाम सुटतो त्याचं नाव. "डंपिंग झालं," ती म्हणाली. "गोड आहे ना ते, गूळ असतो त्यात. होईल सवय." तिनं कपाळ पुसलं, उशी सारखी केली. आणि मग घाम ओसरला, आणि आतून कुणीतरी मऊ गोधडी पांघरावी तसं झालं.

फडताळातलं माझं माणूस परत आलं होतं.

यापुढचं मी भराभर सांगते, कारण ते घडलंही भराभर. आठवड्याभरात मी पाणी घालणं सोडलं. पाण्यानं पोट भरतं, असं आईला सांगितलं. तिला पटलं. मग जेवणानंतरच्याऐवजी जेवणाआधी. मग आई देवपूजेला बसली की. मग दुपारी ती डोळा लावून पडली की. ग्लास मी कधीच घेतला नाही. कपानंच घ्यायचे. कप दवाखान्याचा, रेघा मारलेला. त्यातून घेतलेलं ते औषध. पाच कप घेतले तरी औषध आणि सात घेतले तरी औषधच.

उठताना झोक जायचा. जीभ जड व्हायची. आई बघायची. "किती अशक्त झालीस गं लीला," ती म्हणायची आणि बाहेर अण्णांना हाक मारायची, "अहो, औषधाच्या आणखी दोन बाटल्या आणा. पोरीला उभं राहवेना."

अण्णा आनंदानं आणायचे. समोरच तर दुकान. दुकानदार म्हणायचा, "बाळंतीण आहे, मग एक जास्तीच न्या."

आणि बाळ झोपायचं. माझ्या अंगावर पिऊन झालं, की मान टाकून झोपायचं. "किती गुणाची आहे गं!" आई म्हणायची. "तू रात्र रात्र रडायचीस."

दुसऱ्या दिवशी कौशामावशी आली तेव्हा तिनं आल्या आल्या दाराला आतून कडी घातली. बाळाला पायांवर घेतलं, टाळू भरली, पोटऱ्या चोळल्या. बाळ रडलं नाही. मावशीनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली. ते जरा हललं आणि पुन्हा डोळे मिटले.

"लेकरू लईच झोपायलंय," ती म्हणाली.

"गुणाची आहे."

"गुणाची न्हाई. माझ्या हातात एक लेकरू गप पडत न्हाई. धा मिनिटं बोंबलतंयच." तिनं तेलाचा हात थांबवला. "महिना व्हायला आला, अन् मांड्या भरंनात. किती घेतीस?"

"दोन कप. आई देते तेवढंच."

"आन् आई देत न्हाई तवा?"

मी दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली.

"माझा नवरा बी औषधच म्हनायचा," मावशी बाळाकडे बघत बोलत होती, जणू त्यालाच गोष्ट सांगतेय. "हिवाळ्यात थंडीचं. उन्हाळ्यात कंबरंचं. मधी झोपंचं. त्यो मेला तवा डाक्टर म्हनला, लिव्हर गेलं. मी म्हनलं, औषध तर रोज घेत हुता की!"

ती स्वतःच खुदकन हसली. मला हसू आलं नाही.

"मावशी, ती दारू नाही. आयुर्वेदिक आहे. लाखभर बायका घेतात."

"घेतात की. म्याच कितीजणींना पाजलंय. कुनाच्या तोंडाला सकाळी आठ वाजता वास न्हाई आला." तिनं बाळ उचललं. "त्यांना लागत नसंल. तुला लागतंय. तुझ्या पोटाचं काय केलंय, ते मला ठावं हाय. आईनं तुझ्या सांगितलंय."

"मग आईला सांगणार?"

मावशी बाळाच्या कानामागचं तेल पदरानं टिपत राहिली.

"म्या सांगितलं, तर उद्यापासून ह्या खोलीत म्या नसंन अन् बाटली असंल," ती म्हणाली. "तूच सांग. बारशापस्तोर सांग. म्या कुनाला बोलनार न्हाई. पर लेकराच्या अंगावर शेकलं, तर मंग बघ."

मी सांगायचा प्रयत्न केला. खरंच केला. त्याच दुपारी आई माझ्या बाजेशी डिंक तळायला घेऊन बसली होती. लाडू बारशाच्या पाहुण्यांसाठी, मला त्यातला चिमूटभरही चालणार नव्हता. शेजारी लाह्यांसारखा फुलणारा डिंक आणि आईचा घामेजलेला, आनंदी चेहरा.

"आई, ते औषध बंद करू या."

"का गं?"

"मला ते जास्त लागतं."

"मग बरंच आहे की! अंगी लागायलंय."

"तसं नाही. आई, त्यात दारू असते."

आईनं झारा वरच धरला. आधी ती हसली. मग माझा चेहरा बघितला आणि तिचं हसू विझलं.

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या? माझ्या आईनं मला दिलं. तिच्या आईनं तिला दिलं. आम्ही काय दारू पाजली पोरींना? गळ्यात इष्टलिंग आहे तुझ्या, लीला. असलं बोलवतं कसं?"

"पण मला—"

"तुला थकवा आलाय. बाळंतपणात मन असंच होतं, काहीबाही येतं मनात." तिनं डिंक ताटात उपसला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि हे बघ. बारशाला तुझ्या सासूबाई येणार. त्यांच्यापुढं चुकून असलं काही बोलू नकोस. एकातून एक निघतं. ऑपरेशनचं निघालं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही आपल्याला."

तिनं हात पुसले, कोनाड्यातली बाटली काढली, आणि आपल्या हातानं कप भरला. रेघेपर्यंत, काटेकोर. "घे. बरं वाटेल."

मी घेतला.

तो कप तोंडाला लावताना मला एक जुना दिवस आठवला. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात एका समुपदेशक बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून फाईलमधलं एकेक पान समजावलं होतं. काय खायचं, कसं चावायचं, कोणत्या गोळ्या जन्मभर. एका पानावर त्या म्हणाल्या, "आता हे दारूबद्दल. ऑपरेशननंतर—" आणि आईनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "अहो बाई, आम्ही लिंगायत! आमच्या सात पिढ्यांत कुणी शिवलेलं नाही." त्या बाई ओशाळल्या. "सॉरी हं," म्हणाल्या, "तुम्हाला हे लागू नाही," आणि त्यांनी पान उलटलं. मीही आईबरोबर हसले होते. त्या पानावर पुढं काय होतं, हे विचारावंसं आम्हा तिघींपैकी एकीलाही वाटलं नव्हतं.

फाईल पुण्यात होती, कपाटात, वरच्या खणात. मन्मथला फोन करून म्हणता आलं असतं, ते पान काढ आणि मला वाचून दाखव. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "कशा आहेत माझ्या दोघी?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "मस्त." आई शेजारी बसून ऐकायची आणि समाधानानं मान हलवायची.

बारशाच्या दिवशी सकाळपासून घर भरलं. ओसरीवर सतरंज्या, दारात रांगोळी, पाळण्याला झेंडूच्या माळा. मला हिरवी साडी नेसवली, केसांत गजरा माळला. आत येणारी प्रत्येक बाई माझी हनुवटी धरून म्हणायची, "बाळंतीण वाटतच नाही! कशी सडपातळ राहिली!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या सुनेचा आहारच पहिल्यापासून चिमणीसारखा." आईनं माझ्याकडं बघितलं. मी हसले.

गोधड्यांच्या चळतीमागे मी एक बाटली वेगळी ठेवली होती. साडी बदलायच्या निमित्तानं दार लावून घेतलं. कप सापडला नाही. आईनं धुवायला नेला असावा. आयुष्यात पहिल्यांदा मी बाटलीच तोंडाला लावली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. थांबले तेव्हा बाटली निम्मी झाली होती.

बाहेर बायकांनी हाका मारायला सुरुवात केली. "लीला, चल गं! वेळ व्हायली!"

आमच्याकडे पाळण्यात बाळ घालण्याआधी वरवंट्याला घालतात. वरवंट्याला कुंची बांधायची, काजळाचे डोळे काढायचे. पाळण्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. वरवंटा पाळण्याच्या वरून द्यायचा, खालून घ्यायचा. कुणी गौरी घ्या, कुणी गिरिजा घ्या, असं म्हणत तीनदा. मग तसंच बाळाला. समोर माझी नणंद उमाताई उभी होती, जरीच्या साडीत, हसरी. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. दारात मन्मथ पेढ्यांची ताटं घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघून हसत होता.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. माझ्या कानात माश्या गुणगुणल्यासारखं होत होतं, पण बरं वाटत होतं. सगळं लांब, सगळं मऊ. तिसऱ्यांदा उमाताईंनी वरवंटा वरून दिला. मी घेतला. म्हणजे घेतला असं मला वाटलं.

दाणकन आवाज झाला. शहाबादी फरशीचा टवका उडाला. कुंची घातलेला वरवंटा गडगडत जाऊन सासूबाईंच्या पायाशी थांबला, काजळाचे डोळे वर करून.

मग कुणीतरी हसलं. "अगं बाई, गौरी पडली की!"

"तेल लागलेलं असेल हाताला," आई घाईघाईनं म्हणाली. "अशक्तपणा आहे अजून. आणा, आणा, बाळाला आणा. मुहूर्त टळायला नको."

कौशामावशीनं बाळ आणलं. नवं झबलं, गालाला तीट. मी हात पुढं केले. माझे हात मला दिसत होते, पण ते माझ्या खांद्यांना जोडलेले आहेत असं वाटत नव्हतं. मावशीनं त्या हातांकडं बघितलं. मग फरशीच्या टवक्याकडं. आणि दोन पावलं मागं सरली.

"म्या न्हाई देनार."

"काय?" आई म्हणाली.

"लेकरू न्हाई देनार म्या तिच्या हातात. आत्याकडं देते. आजीकडं देते."

"कौशा, येडी झालीस का? आई आहे ती बाळाची!"

"व्हय. म्हनून तर."

बायकांत कुजबुज झाली. उमाताई म्हणाल्या, "मावशी, असं कसं? पहिल्यांदा आईनंच घ्यायचं असतं." सासूबाई मावशीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"कारण तरी सांग," आईचा आवाज चढला. "चार माणसांत माझ्या लेकीचा अपमान करायलीस, कारण सांग!"

मावशी ओठ दाबून उभी राहिली. तिनं मला शब्द दिला होता. बाळाला छातीशी धरून ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"ठीक आहे," आई म्हणाली. "ठेव बाळ. आणि उद्यापासून ह्या घराची पायरी चढू नकोस. चाळीस वर्षांचा घरोबा, आणि हे पांग फेडलेस!"

मावशीचे डोळे भरले. तरी तिनं बाळ ठेवलं नाही.

मी त्या क्षणी काय काय विचार केला, ते नीट आठवतं. बाकीचं धूसर असूनही तेवढं लख्ख आठवतं. आईनं माझ्यासाठी वाट करून ठेवली होती. अशक्तपणा. नुसती मान हलवायची होती. मावशी गेली असती, मी बाजेवर पडले असते, आईनं कप भरला असता. उद्या पुण्याला. तिथंही औषधांची दुकानं होती. आणि केव्हातरी एका सकाळी पायाखाली हीच फरशी किंवा दुसरी फरशी.

"मावशी, देऊ नका," मी म्हणाले. जीभ जड होती, म्हणून हळू, एकेक शब्द. "माझ्या हातात देऊ नका. मी प्यायलेय."

"काय प्यायलीस, वहिनी?" उमाताई गोंधळून म्हणाल्या.

"औषध."

आणि सगळ्या ओसरीवर हशा पिकला. सुटल्यासारखा, मोकळा. "अगं औषधच ना! आम्ही म्हटलं काय!" आईनं छातीवर हात ठेवून श्वास सोडला. दार पुन्हा उघडं झालं होतं. मला जाता येत होतं.

"सकाळपासून निम्मी बाटली," मी म्हणाले. "गोधड्यांच्या मागं आहे. रोजच घेते. सकाळी, दुपारी. त्यात दारू असते. तुम्हाला चढत नाही, मला चढते. माझं पोट ऑपरेशन करून लहान केलंय. मी एकशे अठरा किलोंची होते. अपेंडिक्स नव्हतं ते, सासूबाई."

आता कुणी हसलं नाही.

मन्मथनं ताटं खाली ठेवली. तो आत गेला, गोधड्या ओढल्याचा आवाज आला, आणि बाटली घेऊन तो बाहेर आला. उजेडाकडं धरून लेबल वाचू लागला. सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, जसा तो बँकेतला कागद वाचतो.

"लिहिलंय," तो म्हणाला. "अगदी बारीक आहे. आपोआप तयार होणारा मद्यार्क."

"कुठं?" आई म्हणाली. "मला दाखवा. कुठं लिहिलंय?"

तिच्याजवळ चष्मा नव्हता. तिनं बाटली हाताच्या अंतरावर धरली, मग जवळ आणली, मग पुन्हा लांब नेली. ओठ हलत होते. तिला काहीच वाचता येत नव्हतं, पण ती बाटली खाली ठेवत नव्हती.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, त्या आता बाहेर पडणार. त्यांनी पायाशी पडलेला वरवंटा उचलला, त्याची सुटलेली कुंची सारखी केली आणि कोपऱ्यात ठेवला.

"मुहूर्त टळायलाय," त्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या. "बाळ कौशाबाईंच्याच हातात राहू दे. उमा, नाव सांग कानात."

माझ्या लेकीला शांभवी हे नाव मिळालं तेव्हा ती कौशामावशीच्या छातीशी होती. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मन्मथनं माझा दंड धरला होता. घट्ट धरला होता. रागानं की सावरायला, हे मला कळलं नाही, आणि मी ते आजवर विचारलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर आई माझ्या बाजेशी येऊन बसली. धुतलेला कप तिच्या हातात होता. ती तो फिरवत राहिली, रेघांवरून अंगठा फिरवत.

"मीच ओतत होते ना गं?" ती म्हणाली.

तिनं कप पदरात घेतला आणि तशीच बसून राहिली.

पुढं पुण्याला दवाखाना झाला, त्याच समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी फाईल उघडली, ते पान काढलं: ऑपरेशननंतर दारू लवकर चढते आणि तिची सवयही लवकर लागते. वाचता वाचता त्याच थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मी तेव्हाच वाचायला हवं होतं." मी म्हटलं, "आम्ही ऐकलं नसतं." पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याआधीच्या दिवसांचं, कारण बारशानंतर अडीच आठवडे मी लातुरातच राहिले. मन्मथनं रजा घेतली आणि तोही राहिला.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी बरोबर आठला कौशामावशी आली. आईनं काही न बोलता दार उघडलं, आणि पाणी तापवायला गेली. मावशीनं बाळाला न्हाऊ घातलं. त्या दिवशी शांभवी रडली, चांगली दहा मिनिटं, लाल होऊन. तिला दुपट्यात गुंडाळून मावशी माझ्यापुढं उभी राहिली. कालपासून एक घोटही घेतला नव्हता, अंगाला घाम होता.

"फुंक," मावशी म्हणाली.

"काय?"

"तोंडानं फुंक. माझ्या नाकावर."

मी फुंकर मारली. मावशीनं डोळे मिटून हुंगलं, दूध नासलंय का बघावं तसं. मग बाळ माझ्या हातात दिलं.

मग रोजचंच झालं. न्हाणं, दुपटं, फुंकर, बाळ. आई दारातून बघायची आणि आत निघून जायची. सहाव्या दिवशी मन्मथ चेष्टेनं म्हणाला, "मावशी, माझीही घ्या." मावशी म्हणाली, "तुमची तुमच्या आईला घ्यायला लावा." आम्ही तिघं हसलो. त्या खोलीत हसण्याचा आवाज मला नवाच वाटला. खिडकीवरची गोधडी आईनं केव्हाच काढून टाकली होती.

अकराव्या दिवशी मला कपाटामागं एक बाटली सापडली. मीच कधीतरी ठेवलेली, विसरलेली. सकाळचे साडेसहा वाजले होते. ती उघडायला मला किती वेळ लागला, हे मी सांगणार नाही.

आठला मावशी आली. तिनं बाळाला न्हाऊ घातलं. दुपट्यात गुंडाळलं. माझ्यापुढं येऊन वाकली आणि तोंड पुढं केलं.

मी फुंकर मारली नाही. हात पाठीमागं घेतले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

"आज नको, मावशी," मी म्हणाले. "आज आईकडं द्या."

मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागावली नाही. बाळ घेऊन बाहेर गेली, आईकडं दिलं, दोघींचं काहीतरी बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. मग ती परत आली. मला वाटलं, वाटी घ्यायला आली. तिनं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं, स्वतः पाट ओढून माझ्यामागं बसली, आणि केस मोकळे केले.

वाटीत बाळाचं तेल उरलं होतं. कोमट होतं. ते तिनं सगळं माझ्या टाळूवर ओतलं.